टाकीचं विरजण

कुणी विचारलं, "बाई, तुमची नोकरी कशातली?" तर मी सरळ सांगते, "नासक्या पाण्यातली." समोरचा आधी हसतो, मग माझ्या साडीकडे बघतो, मग विषय बदलतो. लग्नाच्या पंगतीत मी हे मुद्दाम सांगते. शेजारी ऐसपैस जागा मिळते.

खोटं काही सांगत नाही मी. गोंदियाहून बिरसीकडे जाताना ज्या राइस मिला लागतात, त्यांतल्या एका उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलमध्ये मी १९९९ साली केमिस्ट म्हणून लागले आणि केस पिकल्यावर बाहेर पडले. तांदळाशी माझा संबंध नव्हता, तांदळाच्या पाण्याशी होता. पुढे बिरसीच्या विमानतळावर पोरं विमान चालवायला शिकू लागली. ती वर घिरट्या घालायची आणि खाली मी हौदांवर वाकून पाणी हुंगत फिरायची. दोघांचंही शिक्षण चालू होतं म्हणा.

हे सगळं लिहायला बसले ती लेकीमुळे. ती परदेशात एका प्रयोगशाळेत काम करते. जमिनीच्या खूप खाली शेल नावाचा पापुद्र्यापापुद्र्यांचा खडक असतो आणि त्यात वायू अडकून बसलेला असतो. तो काढायला वरून पाणी, रेती आणि नाना रसायनं जोराने दाबतात. खडक तडकतो, वायू सुटतो, आणि त्याच्यामागून ते पाणीही परत वर येतं. समुद्राहून खारट, तेलकट, कशाकशाने भरलेलं. त्या पाण्यात कोणती सेंद्रिय रसायनं आहेत आणि त्यात कोणते जीव तग धरतात, हे माझी लेक शोधते. एवढ्या लांब जाऊन तिनेही नासकं पाणीच निवडलं, याचा मला मनातून फार आनंद आहे. तिच्या बाबांना तेवढा नाही.

फोनवर ती मला म्हणाली, "आई, तिथे जिवाणू वाढू नयेत म्हणून मुद्दाम जंतुनाशक टाकतात. तरी आहेतच. काही तर आपण टाकलेलं रसायनच खाऊन जगतायत."

"मग? खाणारच," मी म्हटलं.

"तुला नवल नाही वाटत?"

"रोज वाटायचं गं. म्हणून तर इतकी वर्षं टिकले."

मग तिने विचारलं, "तुमच्या टाकीतलं जिवाणूंचं कल्चर तुम्ही कुठून आणलं होतं? आमच्या सरांना सांगायचंय." आता हे काही फोनवर सांगून संपणारं नव्हतं. तिच्या सरांना मराठी येत नाही, पण तुम्हांला येतं, म्हणून तुम्हांलाच सांगते.

आधी उसना म्हणजे काय ते सांगते, कारण आमच्या झाडीपट्टीबाहेरच्या लोकांना तांदूळ दुकानात पिकतो असं वाटतं. धान गरम पाण्यात भिजवायचं, त्याला वाफ द्यायची, वाळवायचं आणि मग भरडायचं. दाणा कडक होतो, तुटत नाही. भिजवणीचं पाणी मात्र उरतं. सकाळी ते कोऱ्या चहासारखं दिसतं आणि वासही उकडलेल्या धानाचा, चांगला येतो. संध्याकाळी आंबूस होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या हौदाच्या वाऱ्याला उभे राहत नाही.

या पाण्यात विष नसतं. त्यात जेवण असतं, आणि तीच खरी आफत आहे. पिठूळ भाग, साखर, कोंड्यातली प्रथिनं, सगळं त्यात उतरलेलं. असं पाणी नाल्यातून एखाद्या बोडीत गेलं, म्हणजे आमच्याकडच्या लहान तळ्यात, की तिथले जिवाणू त्या जेवणावर तुटून पडतात. खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासे तोंड वर काढून तडफडतात. शिंगाड्याच्या वेलाची मुळं कुजतात. बोडी काळी पडते आणि मग गाववाले म्हणतात, मिलवाल्यांनी जहर सोडलं.

म्हणून मिलच्या मागे माझी टाकी होती. उंच, सिमेंटची, वरून बंद. युक्ती अशी, की जिवाणूंना जे जेवण बोडीत घालायचं, ते इथेच घाला, त्यांना हवेशिवाय खाऊ द्या, आणि उरलेलं निवळ पाणी बाहेर सोडा. टाकीत त्यांची उतरंड असते. पहिले जिवाणू पिठाच्या लांब साखळ्या तोडून साखर करतात. दुसरे साखरेची आम्लं करतात. शेवटचे शिर्क्यातलं आम्ल खातात आणि त्याचा जळणारा वायू करतात. पहिले दोघे खादाड आणि घाईचे. शेवटचे संथ, नाजूक, मानी. हवा लागली की मरतात, आंबट जास्त झालं की रुसतात. पण सगळा कारभार त्यांच्यावर. त्यांनी हात वर केले की टाकीत नुसतं आम्ल साचतं.

मी हे नाकाने ओळखायला शिकले. शिर्क्याचा हलका वास ठीक. खवट लोण्याचा वास आला की समजायचं, शेवटचे मागे पडलेत. मग धानाचं पाणी बंद करायचं, चुन्याची निवळी द्यायची, वाट बघायची. घरी आमचे हे म्हणायचे, "आज लोणी दिसतंय," आणि गंजात दुसऱ्यांदा आंघोळीचं पाणी ठेवायचे. एवढा समजूतदार नवरा मिळणंही नशीबच.

टाकीतला वायू नळीने माझ्या खोलीत यायचा. खोली म्हणजे जुन्या चौकीदाराची. तिथे एक शेगडी होती. काचेची उपकरणं, लिटमसचे कागद ही सगळी शोभा. माझं खरं यंत्र ती शेगडी. निळी ज्योत उभी राहिली की सगळं क्षेम. सकाळी मी आल्याआल्या त्यावर चहा टाकायची. बॉयलरवरचे सेवकराम मिस्त्री, मिलमधला सगळ्यांत जुना माणूस, हातात कप घेऊन दारात उभे. "मॅडम, तुमचे किडे खुश आहेत का आज?" हा त्यांचा रोजचा नमस्कार. मी म्हणायची, "किडे नाहीत हो, जिवाणू." ते म्हणायचे, "तेच ते. चहा झाला का?"

पाणी तपासायला बाहेरून साहेब लोक यायचे. एका मिलवाल्याने, कोण ते सांगत नाही, साहेबांना दाखवायला बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या शेवटच्या हौदात मरळ मासे सोडले होते. आता मरळ म्हणजे हवेत तोंड काढून श्वास घेणारा मासा. तो चिखलातही ठणठणीत असतो. साहेब शहरातले, ते खुश झाले. त्या मिलची बोडी गेली ती गेलीच. ज्या बोड्या मला वाचवता आल्या नाहीत, त्यांच्यावरून बस जाते तेव्हा मी अजून खिडकीतून दुसरीकडे बघते.

आमच्या मिलला असं करणं शक्यच नव्हतं. आमचं पाणी नाल्याने ज्या बोडीत जायचं, ती बोडी भागरतामावशीकडे होती.

भागरतामावशी ढिवराची, म्हणजे मासेमारांची बाई. सडपातळ, तोंडाची फटकळ, गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. तिचा नवरा होता तोवर बोडी त्याच्या नावाने होती. तो गेल्यावर मासेमार सोसायटीतल्या माणसांचं म्हणणं पडलं, बाईच्याने बोडी होत नाही, ती दुसऱ्याला देऊ. मावशी सगळ्यांसमोर भांडली आणि एका हंगामाची मुदत मागून घेतली. या वर्षी शिंगाडा उतरला तर बोडी तिची, नाहीतर सोडायची. हे मला तिनेच सांगितलं होतं, माझ्या खोलीच्या पायरीवर बसून. तेव्हापासून मिलच्या नाल्यात जाणारं पाणी मला वेगळंच दिसायला लागलं.

तिची तपासायची रीत तिची स्वतःची होती. ती लोट्यात जिवंत झिंगे घेऊन यायची आणि माझ्या शेवटच्या हौदात सोडायची. झिंगा पाण्यातल्या खोटेपणाला सगळ्यांत आधी मरतो. मग ती काठावर बसून खर्रा घोळवत बघत राहायची. मीही बघायची. झिंगे उड्या मारत राहिले की उठायची. "ठीक आहे वो तुह्यं पाणी," एवढं बोलून चालायला लागायची. कोणत्याही साहेबाच्या सहीपेक्षा मला त्याने बरं वाटायचं.

आणि त्याच हंगामात दसरा आला.

दसऱ्याच्या आधी जुनं धान संपतं आणि नवं यायचं असतं. मिल बंद ठेवून सगळी यंत्रं धुतात, पुसतात, हळदकुंकू लावून पूजा करतात. आमच्या मिलमध्ये हे काम सेवकराम मिस्त्रींचं. कामगारांना घेऊन ते सगळे हौद घासून काढायचे, बॉयलरला झेंडूची माळ घालायचे. माझ्या टाकीला मात्र कुणी हात लावत नसे. मी सासरी चिचगडला गेले होते. परत आले तर मिलभर झेंडूचा वास, सगळं चकचकीत. चहा टाकायला काडी ओढली. शेगडी पेटेना.

मी टाकीजवळ गेले. टाकीचा नेहमीचा वास नव्हता. तिथे दवाखान्याच्या फरशीचा वास होता.

सेवकराम मिस्त्री हसत आले. "मॅडमजी, दरवर्सी तुमच्या टाकीची पूजा राहूनच जाते. मले बरं नाई वाटे. या वर्साले तिलेबी सोडलो नाई. सारा ब्लीचिंग पावडर अन् फिनाइल तिच्यातच सोडलो. आतून कशी धुवून निघाली असन."

मी खाली बसले. अगदी मातीत. मला रडू आलं, आणि मिस्त्री घाबरले. त्यांना कळेना, स्वच्छ केल्यावर बाई रडते कशाला. ज्या माणसाने रोज माझ्या टाकीच्या आगीवरचा चहा प्यायला, त्याने भक्तीने तिला मारलं होतं. त्याच्यावर ओरडू तरी काय? त्याच्या बोटांना अजून कुंकू होतं.

मी त्यांना समजावून सांगितलं, आत काय होतं आणि आता काय झालंय. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे सारे मेले?"

"बहुतेक."

"अन् आता नवं धान आलं का पाणी कुठं जाईन?"

मी नाल्याकडे बोट दाखवलं. भागरतामावशीच्या बोडीत त्या वेळी शिंगाडा नुसता लगडलेला होता. दिवाळीनंतर गावोगाव मंडया भरतात, जत्रेसारख्या, दंडारीचे नाच होतात, आणि त्या मंडयांतच हिरवा शिंगाडा विकला जातो. मिस्त्रींनी पागोट्याचं टोक तोंडाला लावलं.

मग आम्ही कामाला लागलो. आधी ब्लीचिंगचा जोर मारायला हवा होता. त्याला लागतं हायपो, आणि त्या काळात हायपो मिळायचं फोटो स्टुडिओत, फोटो धुवायला वापरायचे. मी गोंदियातले स्टुडिओ पालथे घातले. एका फोटोवाल्याने विचारलं, "इतना हायपो? पूरे जिले की शादी है क्या मॅडम?" मी म्हटलं, तेरवी टाळायची आहे.

टाकीच्या तळाचा नळ उघडून गाळ काढून पाहिला. जिवंतपणी तो काळ्या तिळांसारखा असतो, दाणेदार. आता राखेसारखा झाला होता. अगदी तळाचे थोडे दाणे काळे सापडले. वरच्यांनी मार खाल्ला होता आणि खालच्यांना झाकलं होतं. ते बोटांवर घेऊन मी किती वेळ बघत बसले. तेवढ्यावर टाकी उभी राहणार नव्हती. दह्याचं भांडं धुतलं गेलं की आपण शेजारी जातो, विरजण मागतो. मलाही विरजण पाहिजे होतं.

माझं माहेर दवनीवाड्याचं. भावाकडे गोबरगॅस होता. ट्रॉलीभर शेणाचा रबडा त्याने दिला आणि वर हसला, की बहीण माहेरी येऊन साडीचोळी नाही, शेण मागते. तो आम्ही टाकीत सोडला, चुना दिला. जिवाणूंना उपाशी ठेवून चालत नाही आणि एकदम पोटभर देऊनही चालत नाही. आजाऱ्याला देतात तशी पेज द्यायची ठरवलं. सेवकराम मिस्त्री बॉयलरच्या वाफेवर कण्यांची पेज शिजवायचे आणि बादलीने टाकीत घालायचे. निववून घालायचे, जणू कुणाचं तोंड भाजेल.

रोज सकाळी मी काडी लावायची आणि काडी विझायची. टाकीतून वायू येत होता, पण न जळणारा. पहिले दोघे जेवत होते, शेवटचे उठत नव्हते. खवट लोण्याचा वास वाढत होता. शेणातले जिवाणू कडब्याला सरावलेले. त्यांना तांदूळ पचायला वेळ लागत होता, आणि वेळच तर नव्हता. फाटकाबाहेर नव्या धानाचे ट्रक उभे राहायला लागले.

शेठजी वाईट माणूस नव्हते. मिल त्यांच्या वडिलांची, हिशोबाला कडक, पण कामगाराच्या घरी मयत झाली तर स्वतः जाणारे. त्यांनी मला बोलावलं. "मॅडमजी, शटर खोल देते हैं. थोडे दिन की बात है. तालाब मर थोडी जाएगा."

टाकी चुकवून पाणी थेट नाल्यात सोडायचं एक लोखंडी शटर होतं. त्याच्याबद्दल बोलत होते ते.

मी म्हटलं, "शेठजी, तालाब तो शायद बच जाए. उसमें जो सिंघाडा है वो नहीं बचेगा. और सिंघाडा नहीं बचा तो वो बाई नहीं बचेगी."

"मैं भरपाई कर दूंगा."

"बोडी परत नाही मिळणार तिला," मी मराठीत बोलून गेले. शेठजींना मराठी चांगलं कळायचं. ते खिडकीतून ट्रककडे बघत राहिले. मग म्हणाले, "भाईदूज तक. उसके बाद मिल चलेगी, आपकी टंकी चले ना चले."

त्या दुपारी मी नाल्याच्या काठाने चालत बोडीवर गेले. शिंगाड्याची पानं पाण्यावर दाट पसरली होती. भागरतामावशी डोंग्यात बसून वेल उलटून बघत होती. तिने बांबू चिखलात रोवला आणि डोंगा पुढे सरकवला. बांबू रोवला तिथून बुडबुडे वर आले, भराभर, फुटत फुटत. मी जागच्या जागी थांबले.

ते बुडबुडे मला ठाऊक होते. त्या बोडीच्या तळाशी हवा पोचत नाही, आणि तिथे माझ्या टाकीतल्यासारखेच जीव राहतात. शिवाय ही बोडी वर्षानुवर्षं आमच्या मिलचंच निवळलेलं पाणी पीत आलेली. तांदळाच्या पाण्यात जे थोडंफार उरायचं, त्याची चव इथल्या जिवाणूंना लागलेली. दवनीवाड्यापर्यंत शेणासाठी गेले आणि विरजण इथे, नाल्याच्या टोकाला.

मी काठावरून मावशीला सगळं सांगितलं. टाकी मेली तेही, शेठजींनी दिलेली मुदतही. तिचा चेहरा बघवेना. ती डोंगा काठाला घेऊन आली.

"आता कायले सांगतेस?"

"मला तुमच्या बोडीचा चिखल पाहिजे. तळाचा, काळा."

"माह्या बोडीले मारून राह्यले तुमी, अन् चिखलबी मलेच मांगून राह्यली?"

"हो."

"चिखलानं काय होते?"

"त्यातले जीव माझ्या टाकीत नेते. ते जगले तर तुमचं पाणी निवळतील."

"अन् नाई जगले त?"

"ते मला ठाऊक नाही," मी म्हटलं. तिने खर्रा थुंकला, तोंड धुतलं आणि डोंग्यात सरकून मला जागा केली. "बस. वेल तोडशीन नको. मी दाखवतो खोल कुठं आहे ते."

मागून सेवकराम मिस्त्री आले होते, ते मला दिसलेच नव्हते. त्यांनी पागोटं काठावर ठेवलं, धोतर खोचलं आणि गळाभर पाण्यात उतरले. बुड्या मारून मारून ते तळाचा चिखल झाकणाच्या डब्यांत भरत होते. मावशी वेल बाजूला धरत होती आणि मी पाण्याखालीच झाकणं लावायला ओरडत होते, हवा लागू देऊ नका म्हणून. मिस्त्रींचं वय तेव्हा बुड्या मारायचं नव्हतं. मावशीने त्यांना एकदा हात धरून वर ओढलं आणि म्हणाली, "पुरे झालं जी. तुमाले पाप लागलं असन त धुतल्या गेलं."

चिखल टाकीत गेला. पेज चालूच होती. आता मला सांगायचं काही नाही, कारण मी काही केलं नाही. करणारे आत होते. एवढं ब्लीचिंग पचवून उरलेले मूठभर दाणे, दवनीवाड्याच्या गाईंच्या पोटातले आलेले, आणि बोडीच्या गाळातले, ज्यांनी कधी उजेड पाहिला नव्हता. एकमेकांना कधी न भेटलेले. त्यांची नावं मला तेव्हा ठाऊक नव्हती, बहुतेकांची आजही नाहीत. चांगला सूक्ष्मदर्शक मला कधी मिळाला नाही, ही माझी हळहळ आहे. पण खवट लोण्याचा वास हळूहळू उतरू लागला. थोडं थोडं करून आम्ल कमी होऊ लागलं. कुणीतरी ते खात होतं. माझ्या आयुष्यात मी कुणाचं इतकं कौतुक केलं नसेल जेवढं त्या न दिसणाऱ्या पंगतीचं केलं.

पाडव्याला काडी लावली तर ज्योत धरली, थरथरली आणि गेली. भाऊबीजेला सकाळी शेठजी स्वतः माझ्या खोलीत आले. मागे मिस्त्री. मी नळी उघडली, काडी ओढली. ज्योत उठली. पिवळी होती, मग निळी झाली, आणि उभी राहिली.

शेठजींनी ती बघितली. "तो शुरू करें?"

"आधे हौद. पूरे नहीं. इनको ताकत आने दो."

ते पुटपुटले, पण अर्धेच चालवले. शटरला त्या दिवशी त्यांनी स्वतः कुलूप लावलं आणि चावी माझ्या टेबलावर ठेवली.

नव्या धानाचं पाणी टाकीतून फिरून शेवटच्या हौदात आलं तेव्हा भागरतामावशी लोटा घेऊन आली. झिंगे सोडले. ती काठावर बसली, मी तिच्याशेजारी. मिस्त्री उभेच. झिंगे पोहत होते. एक मात्र तळाशी आडवा पडला. मावशीने पाण्यात बोट घातलं आणि त्याला ढोसलं. तो उडाला आणि दुसऱ्या टोकाला गेला.

"झोपून होता," ती म्हणाली.

शिंगाडा उतरला. तिने मंडया केल्या. बोडी तिचीच राहिली, पुढे तिच्या सुनेकडे गेली. पण मी लेकीला जे सांगायला निघाले होते ते हे नाही. ते आहे पहिल्या टोपलीचं.

मंडईला जायच्या आधी मावशी एक टोपली हिरवे शिंगाडे घेऊन माझ्या खोलीवर आली. "उकड," म्हणाली. मी गंजात पाणी घालून शेगडीवर ठेवले. ती ज्योतीसमोर उकिडवी बसली.

"हे आग टाकीतली होये ना?"

"हो."

"अन् टाकीत माह्या बोडीतले जीव आहेत."

"आहेत. त्यांच्यामुळेच पेटली."

शिंगाडे शिजले. आम्ही सोलायला बसलो, मिस्त्रीही. मावशीने पहिला सोललेला पांढराशुभ्र शिंगाडा हातात घेतला, आणि मला वाटलं मला देईल. ती उठली, बाहेर गेली, आणि टाकीत पेज घालायच्या तोंडातून तो आत टाकला.

"पयले ते खातीन," ती म्हणाली आणि परत येऊन बसली.

तेव्हापासून दसऱ्याला आमच्या टाकीला कुणी धुतलं नाही. सेवकराम मिस्त्री बाहेरून हळदकुंकू लावायचे आणि आत एक वाटी पेज आणि एक शिंगाडा घालायचे. ते गेल्यावरही कामगारांनी तेच चालू ठेवलं. जिल्ह्यात दुसऱ्या मिलमध्ये अशी टाकी झाली की लोक आमच्याकडून गाळ न्यायचे, आणि नेणाऱ्याला मी शिंगाड्याचं सांगायची. काहीजण हसायचे. काही घालायचे.

तर लेकीच्या सरांना हे सांगायचं. कल्चर बोडीतून आणलं. आणि त्या पहिल्या शिंगाड्याचं पुढे काय झालं तेही मला नीट माहीत आहे. शिंगाड्यात पिठूळ भाग भरपूर. पहिल्यांनी त्याच्या साखळ्या तोडल्या असतील, दुसऱ्यांनी साखरेचं आम्ल केलं असेल, शेवटच्यांनी आम्लाचा वायू केला असेल, आणि काही दिवसांनी तो नळीतून माझ्या खोलीत आला असेल. कोणत्या सकाळी ते मला कळलं नाही. म्हणून त्या आठवड्यातला एकही चहा मी घाईने प्यायले नाही.